दोन-दोन आकड्यांचा समुद्र

सरांच्या घरी भांडण झालं की काकू आवाज चढवत नसत. ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरता चिरता त्या एक धून गुणगुणायच्या. चारपाच सुरांची, टीव्हीवर कॉम्प्युटरची जाहिरात संपताना वाजायची ती. बाहेरच्या खोलीत सर पेपर खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि शरण जायचे. "बरं बरं, येतो गॅसचा नंबर लावून," म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. ती धून थोरलीची होती, आणि सर धाकटीचे.

धाकटीचे म्हणजे तिच्या पगारावर नव्हेत. सर या पृथ्वीतलावर आहेत याची त्या कंपनीला खबरही नव्हती. घरगुती कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बनवणाऱ्या तेव्हा मुख्य कंपन्या दोन, दोन्ही अमेरिकेतल्या. एक मोठी आणि श्रीमंत, दुसरी तिच्या मागून धावत धापा टाकणारी. सरांनी त्यांचं बारसं केलं होतं, थोरली आणि धाकटी. थोरलीची बाजू घ्यायला सगळं जग होतं. धाकटीचं वकीलपत्र भाईंदर पश्चिमेत सरांनी घेतलं होतं, तेही अशिलाला न विचारता.

दोन हजार सालच्या आगेमागे ज्या इमारतींत पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा त्यांतही कॉम्प्युटर क्लास रोज चालायचा. आमचा क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. खाली फरसाणवाला, त्याच्यावर लेडीज टेलर, त्याच्यावर आम्ही. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांना नेहमी फाफड्याचा वास यायचा. मी तेवीस वर्षांची होते. आम्ही नुकतेच लालबागहून इथे राहायला आलो होतो, मोठ्या घरात. म्हणजे एका खोलीतून दीड खोलीत. क्लासमध्ये मी 'बेसिक' शिकवायचे. माउस कसा धरायचा, फाईल कुठे ठेवायची आणि ठेवलेली फाईल का सापडत नाही.

सर 'थ्री-डी'चे. दारावर पाटी होती, थ्री-डी अ‍ॅनिमेशन शिका आणि फिल्म लाईनमध्ये करिअर करा. पाटी वाचून मीरा रोडपासून उत्तनपर्यंतची मुलं यायची. त्यांना डायनासोर करायचे असत. सर त्यांना पहिले तीन महिने गुणाकार शिकवायचे.

सर मूळचे ड्राफ्ट्समन. मीरा रोडच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं पंपांची ड्रॉईंग्ज काढली. कारखाना गुजरातेत गेला, पण काकूंची शाळेतली नोकरी इथे होती म्हणून सर मागे राहिले. कानामागची पेन्सिलही त्यांच्याबरोबर राहिली. क्लासमध्ये कागद म्हणून औषधालाही नव्हता, तरी पेन्सिल रोज टोक काढून कानामागे असायची. मुलगा चुकला की सर ती काढून काचेवर, सरळ मॉनिटरच्या काचेवर, दुरुस्ती करायचे. साफसफाईच्या मावशी दर शनिवारी सरांचं शिकवणं ओल्या फडक्यानं पुसून टाकायच्या.

नवा विद्यार्थी आला की त्याला नाव-गाव विचारण्याआधी सर विचारायचे, "घरी मशिन कुठलं?" मुलगा "काळं" म्हणाला तर त्यांना चालायचं. थोरलीचं नाव घेतलं तर सर असं तोंड करायचे की आजारी माणसाच्या घरच्यांनाही कुणी दाखवू नये. "असू दे," म्हणायचे. "वडिलांनी घेतलं असेल. तुझा काय दोष?"

हा दोघींचा तंटा कशावरून आहे हे सर पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि हे मात्र कबूल करायला हवं, की ते फार सुरेख सांगायचे.

"पडद्यावर एक चेंडू फिरवायचाय," ते म्हणत. "चेंडू म्हणजे काय? हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे आकडे तीन. किती उजवीकडे, किती वर, किती लांब. चेंडू जरासा हलला की हजारही ठिपक्यांचा गुणाकार परत. सेकंदात पंचवीस वेळा. साधा प्रोसेसर काय करतो? एक हुकूम, एक आकडा. म्हणजे कढईत एकच वडा सोडायचा, तळायचा, काढायचा, मग दुसरा. गिऱ्हाईक निघून जातं. मग धाकटीनं काय केलं? तिनं झारा आणला. एका हुकमात दोन आकडे! अशा हुकमांची आख्खी यादी तिनं बनवली, खास ह्याच कामासाठी. खरं पाणी, खरा उजेड, खरी सावली घरातल्या मशिनवर दिसायला लागली ती तिच्यामुळे."

"आणि थोरलीनं?" कोणीतरी विचारायचंच.

"थोरलीनं वर्षभर बघितलं," सर थंडपणे म्हणत. "आणि मग मोठा झारा आणला. एका हुकमात चार."

"मग सर, चारवाला चांगला ना?"

हा प्रश्न दर बॅचला एकदा यायचा. तो विचारणाऱ्याचं पुढे त्या क्लासमध्ये कल्याण झाल्याचं मला आठवत नाही.

"आधी कोणी केला?" सर गरजत. "आणि ठिपक्याला आकडे किती? तीन! तुमच्या चारच्या झाऱ्यात चौथी जागा रिकामी. उधळपट्टी!"

एकदाच एक मुलगी याला पुरून उरली. ती तारोडीची होती, उत्तनच्या बाजूची; बस पकडून यायची. तिचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे कप्तान. शांतपणे बोटांवर मोजून ती म्हणाली, "पण सर, दोनचा झारा दोनदा घातला तरी जागा चारच झाल्या. एक रिकामीच राहते की."

सरांनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली.

"ती आपली रिकामी जागा आहे," ते म्हणाले.

थोरलीबद्दलचा हा राग एका समुद्रावर निघत होता. दोन वर्षं झाली, सर एक समुद्र बनवत होते. पडद्यावरचा, हलणारा, त्यावर एक होडी. रोज क्लास संपला की तासभर ते त्याच्यासमोर बसत. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा कोणाला उपयोग नव्हता, त्यामुळे सर ते फार मन लावून करत. प्रत्येक लाट त्यांनी धाकटीच्या हुकमांत, दोन-दोन आकड्यांनी, एकेक ओळ हातानं लिहून काढली होती. मला ते सगळं वाचून दाखवायचे. मला बेसिक शिकवायला ठेवलं होतं. पण सहा महिन्यांत मला लाटेवरचा उजेड कसा मोजायचा ते कळायला लागलं. माझ्या आईला वाटायचं मुलगी टायपिंग शिकवते.

त्या तारोडीच्या मुलीनं एकदा तो समुद्र बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काय न्हाय सर. पण लाट अशी नसते."

सरांनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रविवारी तारोडीला जायचंय. तूही चल. मी एकटा गेलो तर ती माझं काही ऐकून घ्यायची नाही." वास्तविक ऐकून त्यांनाच घ्यायचं होतं.

मुलीचे वडील किनाऱ्यावर जाळं पसरून बसले होते. सरांनी वही उघडली आणि लाटेची उंची, अंतर, वेग असं विचारायला सुरुवात केली. तांडेलांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"साहेब, लाट एकटी येत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मोठी येते, तिच्या मागं बारक्या येतात. आन मग पानी मागं सरतं, दम खातं. तुमचं पानी दम खातं का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग ते पानी न्हाय."

कोणी विद्वानानं असं म्हटलं असतं तर सरांनी त्याला थोरलीचा हस्तक ठरवलं असतं. तांडेलांपुढे ते वाळूत मांडी घालून बसले आणि दोन तास लाटा मोजत राहिले. उन्हानं टक्कल लाल झालं. परतीच्या बसमध्ये ते पेन्सिलनं गुडघ्यावर काहीतरी लिहीत होते. पुढचे चार महिने लागले, पण सरांचं पाणी दम खायला लागलं. ते बघताना मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं डोकं फिरलेलं असेल, पण कामाच्या दिशेनं फिरलंय.

आमचे डायरेक्टर आधी झेरॉक्सचं दुकान चालवायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांचा प्रगतीवर विश्वास होता आणि प्रगती त्यांना खोक्यावरच्या स्टिकरवरून कळायची. एक दिवस आम्ही क्लासला आलो तर जुनी सगळी मशिन्स एक्स्चेंजमध्ये गेली होती आणि त्यांच्या जागी वीस नवी कोरी उभी होती. वीसच्या वीस थोरलीची.

सर दारातच थांबले. लग्नघरी चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरलेला माणूस थांबतो तसे.

"मास्तर, एकदम लेटेस्ट!" डायरेक्टर म्हणाले. "पंधरा दिवसांत उद्घाटन. नगरसेवक येतायत. अंधेरीच्या स्टुडिओचे एक साहेब येतायत, अ‍ॅडफिल्मवाले. आपण त्यांना तुमचा समुद्र दाखवायचा!"

सर एका मशिनपुढे बसले. समुद्र चढवला, सुरू केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मध्ये एक पाटी आली. इंग्रजीत होती. तिचा अर्थ असा, की ह्या प्रोग्रामनं बेकायदेशीर कृत्य केलं आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे.

ती पाटी त्या काळी सगळ्यांनाच दिसायची आणि सगळे 'ओके' दाबून पुढे जायचे. सरांनी ती दोनदा वाचली. आयुष्यात कधी विनातिकीट बसलेला नव्हता हा माणूस.

"काय झालं?" डायरेक्टरांनी विचारलं.

"हे मशिन धाकटीची भाषा समजत नाही," सर म्हणाले. "समुद्र तिच्या भाषेत आहे."

"तो थोडा चेंज करो ना. दो-चार लाईन."

"चार हजार ओळी आहेत. मी घरचं मशिन आणतो. त्यावर चालेल."

"मास्तर, उद्घाटन नव्या मशिनचं आणि दाखवायचं जुन्यावर? लोक काय म्हणतील?" यात त्यांचं चूक नव्हतं. "तुम्ही थोरलीच्या भाषेत लिहा. तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड नाही," सर म्हणाले. "मी ती यादी उघडणार नाही, एवढंच." आणि ते वर्गात जाऊन हजेरी घ्यायला लागले.

आता माझं सांगते. इथून पुढे सर विक्षिप्त आणि मी शहाणी अशी वाटणी करता येणार नाही.

डायरेक्टर माझ्याकडे आले. म्हणाले, "टीचर, तुम्हाला येतं ना थोडं? मास्तरांना मी सांगतो बंदोबस्त झाला. सरप्राईज!" मला येत होतं. सरांनीच शिकवलं होतं. थोरलीच्या हुकमांची पुस्तिका एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर होती. सरांच्या फायली क्लासमध्येच होत्या. त्यांना पासवर्डही नव्हता; आपल्याकडे चोरीला जाण्यासारखं काही आहे असं सरांना कधी वाटलंच नाही. दहा दिवस सकाळच्या बॅचच्या आधी येऊन मी दोन-दोनचं चार-चार करत बसले. सरांच्या भल्यासाठी करतेय असं मी स्वतःला सांगत होते. स्वतःला असलं काही सांगावं लागतं तेव्हा काय समजायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी समुद्र चालला. मी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या वर्गात एकटीनं. आधीपेक्षा किती जोरात चालत होता! जोरात म्हणजे चांगलं, असं मला वाटलं.

उद्घाटनाला सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर काकू होत्या, नारळी काठाची साडी नेसलेल्या. सरांनी तांडेलांनाही बोलावणं धाडलं होतं. ते आणि त्यांची मुलगी मागच्या रांगेत बसले होते. डायरेक्टरांच्या बंदोबस्ताचा अर्थ सरांनी असा लावला होता, की कुठूनतरी धाकटीचं एक मशिन आणलं असणार. ते काकूंना हळू आवाजात सांगत होते, "आता बघ, पाणी मागे सरतं ते बघ."

नारळ फुटला, भाषणं झाली. मी बटण दाबलं.

पडद्यावर समुद्र उसळला. उसळला म्हणजे काय, उकळला. लाटेवर लाट, लाटेवर लाट, होडी खुळखुळ्यासारखी वर-खाली. सरांनी समुद्राची चाल घड्याळाला बांधलेली नव्हती, जुन्या मशिनच्या वेगाला बांधली होती. नवं मशिन आधीच भरधाव चालीचं. त्यात मी चारचा झारा घातलेला. पाण्याला दम खायला वेळच नव्हता.

"वा!" नगरसेवक म्हणाले. "काय वादळ आहे! एकदम रिअल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून तांडेल उठले.

"ह्या पान्यात होडी घालू नका," ते सरळ म्हणाले. "मानसं मरतील."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. सर हसले नाहीत. ते पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले. सरांना प्रोग्राम उघडून बघायची गरज पडली नाही.

"चार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. काकू माझ्याकडे एकदा बघून त्यांच्या मागे गेल्या.

अंधेरीचे साहेब माझ्यापाशी आले. "हे तुम्ही केलंत?"

"हो, म्हणजे..." मी म्हटलं. त्या 'म्हणजे'च्या पुढे एक पूर्ण वाक्य होतं. तयार होतं, व्याकरणशुद्ध होतं. तेवढ्यात डायरेक्टर "हमारी टीचर है, साहब, हमारी!" म्हणत मध्ये आले, आणि त्यांचं निमित्त करून ते वाक्य मी गिळून टाकलं. साहेब खाली गेले. दहाएक मिनिटांनी परत वर आले आणि माझ्या हातात कार्ड दिलं. त्यांच्या स्टुडिओत पाणी करणारं कोणी नव्हतं. सोमवारी भेटा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळेला आले, नेहमीसारखं शिकवलं. मला मात्र "मॅडम" म्हणाले. "मॅडम, तुमची बॅच झाली असेल तर पंखा बंद कराल का?" त्यापेक्षा चार लोकांत थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. महिन्याभरात मी अंधेरीला नोकरीला लागले. तिथे मी समुद्र केला असेल असं कोणाला वाटत असेल तर सांगते: पहिलं वर्षभर मी टूथपेस्टचा फेस केला. हुबेहूब फेस. एका वेळी चार-चार आकड्यांनी.

त्याच वर्षी दिवाळीनंतर काकूंचा फोन आला.

"तू येऊन जा गं एकदा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस नीट जेवले नाहीत. कोणतंतरी मासिक वाचलं आणि बसून आहेत. कोणी गेलं का विचारलं तर म्हणतात, घर फुटलं."

"काकू, तुम्ही ती धून..."

"म्हटली. उठले नाहीत."

मग मात्र मी घाबरले. रविवारी गेले. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर मासिक उघडं. मला बघून त्यांनी ते पुढे केलं. बातमी साधी होती. धाकटीचा नवा प्रोसेसर आला होता, आणि त्यात धाकटीनं स्वतःच्या हुकमांबरोबर थोरलीचेही हुकूम घेतले होते. चारवाले. आता दोघींची भाषा समजणार, अशी शेखीही मिरवली होती.

बाजारात याला शहाणपणा म्हणतात. प्रोग्राम लिहिणारे सगळे थोरलीच्याच भाषेत लिहीत होते. धाकटी बिचारी काय करणार? पण हे सरांना कोण सांगणार? ज्या अशिलासाठी सरांनी मुलं दुखावली, डायरेक्टर दुखावले, स्वतःचा समुद्र सोडला, ते अशील परस्पर तडजोड करून मोकळं झालं होतं.

मी समोर बसले. काकू पोहे ठेवून आत गेल्या, पण भांड्यांचा आवाज येईना. त्या दाराआड उभ्या होत्या.

"मला शिकायचंय," सर म्हणाले.

"काय, सर?"

"ते चारचे हुकूम. घरात सून आली आहे म्हटल्यावर तिच्याशी बोलायला नको?" त्यांनी एक कोरी वही काढली, कानामागची पेन्सिल काढली. "तुम्हाला रविवारी वेळ असतो का?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईनं हो म्हटलं.

"एक विचारू?" सर वहीवर समास आखत म्हणाले. रेघ पट्टीशिवाय, पण नाकासमोर सरळ. "त्या दिवशी तुम्ही त्या स्टुडिओवाल्यांना सांगितलं होतंत ना? समुद्र कोणाचा ते?"

दाराआड काकूंची बांगडी वाजली.

"सांगितलं होतं, सर," मी म्हटलं.

"मग ठीक," ते म्हणाले. वर तारीख घातली. "शिकवा."

तीन वर्षं दर रविवारी मी शिकवत होते. सरांसारखा विद्यार्थी वैऱ्याला मिळू नये. प्रत्येक हुकमाला ते आधी "हे धाकटीत कसं होतं माहितीये का?" असं विचारायचे, आणि नंतर उत्तरही स्वतःच द्यायचे. थोरलीची एखादी गोष्ट खरंच चांगली निघाली की त्यांना शिंका यायच्या. पण शिकले. समुद्र पुन्हा लिहिला. सुरुवातीलाच प्रोग्राम प्रोसेसरला विचारायचा, तू कोण आणि तुला काय काय येतं, आणि तो सांगेल त्या भाषेत पुढे बोलायचा. चाल घड्याळाला बांधली. तांडेलांना एकदा घरी बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघून म्हणाले, "आता घाला होडी." काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

स्टुडिओतली माझी तीन वर्षं भरत आली तेव्हा आमचे साहेब एकदा जेवताना गप्पांत म्हणाले, "तुला घेताना मला शंका होती हं. पंचविशी पण नाही, भाईंदरचा क्लास, आणि एकटीनं एवढं पाणी? खाली टपरीवर तुझे ते सर चहा घेत उभे होते. त्यांना विचारलं, खरं सांगा, हे कोणी केलं?"

माझा घास हातात राहिला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, तिनंच. मी असल्या हुकमांना हात लावत नाही." साहेब हसले. "काय तऱ्हेवाईक माणूस! जाताना मला परत बोलावून म्हणाले, मुलगी चांगली आहे, फक्त तिला घड्याळाकडे बघायला शिकवा."

सरांनी ते मोठ्या मनानं म्हटलं की नुसत्या हट्टानं, की थोरलीच्या भाषेतली एक ओळही आपल्या नावावर नको म्हणून, हे मी तेव्हापासून ठरवू शकलेले नाही. एवढं मात्र कळलं, की वहीवर समास आखताना त्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी वेळेवर गेले. सर एका ओळीवर अडले होते. मी समजावून सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मी पाणी प्यायले. मग म्हटलं, "सर, मी तेव्हा सांगितलं नव्हतं. त्या साहेबांना. समुद्र तुमचा आहे असं."

सरांनी मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक बघितलं, फुंकर घातली.

"माहितीये," ते म्हणाले. "पुढची ओळ सांग."